जुने अमेरिकन पिकअप ट्रक : घेताना काय बघायचं, विकताना काय दाखवायचं

इंडियानाकर

गप्पांच्या पानावर १९५१ च्या शेवरोले ३१०० चा फोटो टाकल्यापासून विचारणा चालूच आहे. केवढ्याला येतो, कुठे शोधायचा, फसवणूक कशी टाळायची, पुढे विकायची वेळ आली तर विकला जातो का. तिथे उत्तरं वाहून जातात, म्हणून हा वेगळा धागा. मी इंडियानात राहतो. हे ट्रक घेतो, चालवतो, अधूनमधून विकतोही. मतं ठाम आहेत, पटली नाहीत तर जरूर वाद घाला.

आधी कुळशील थोडक्यात. १९४७ च्या उन्हाळ्यात शेवरोलेने 'ॲडव्हान्स डिझाइन' नावाची मालिका आणली. गोलसर मडगार्ड, पाच आडव्या पट्ट्यांची जाळी, महाग केबिनला मागच्या कोपऱ्यांत वळणाच्या काचा. ३१०० म्हणजे अर्ध्या टनाचा, ३६०० पाऊण टनाचा, ३८०० एक टनाचा. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत ही मालिका चालली. फोर्डने १९४८ मध्ये एफ-१ आणला आणि १९५३ पासून त्याचा एफ-१०० झाला. नंतरच्या काळातला सगळ्यात जास्त मागणी असलेला ट्रक म्हणजे १९६७ ते ७२ चा शेवरोले सी-१०. डॉजचा पॉवर वॅगन वेगळ्याच जातीचा, युद्धातल्या लष्करी गाडीतून आलेला. त्याची माणसंही वेगळी, त्यावर कुणी स्वतंत्र लिहा.

हे सगळे ट्रक शेतावर राबलेले आहेत. चारा, डुकरं, खताची पोती, दुधाचे कॅन हे सगळं हौद्यातून गेलेलं. घरच्या मोटारीसारखं यांना कुणी जपलं नाही. म्हणून आज चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक ट्रकचा पत्रा कधीतरी सडलेला होता असं धरूनच चालायचं. तो सडका भाग कापून नवा पत्रा जोडला की वरून झाकला, एवढाच प्रश्न उरतो, आणि किंमत खरं तर त्या उत्तराची असते.

माझं म्हणणं एका वाक्यात: रंगाला पैसे देऊ नका, पत्र्याला आणि कागदांना द्या.

दुसरं, पहिलाच ट्रक असेल तर अर्धवट खोललेला घेऊ नका. "ऐंशी टक्के काम झालंय" अशा जाहिराती भरपूर दिसतील. उरलेल्या वीस टक्क्यांत टिनकाम, रंग, क्रोम आणि सीटकाम असतं, आणि सगळा खर्च तिथेच असतो. चांगल्या गॅरेजमधून पूर्ण काम करून घेतलं तर बहुतेक ३१०० वर होणारा खर्च त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त निघतो. म्हणजे पहिल्या मालकाने केलेल्या कामाचा बराच भाग दुसऱ्या मालकाला सवलतीत मिळतो. हे व्यवहाराने कोरडं वाटेल, पण नव्या माणसाच्या फायद्याचं आहे.

आता बघायचं कसं. ३१०० असेल तर पुठ्ठा टाकून सरळ खाली झोपा आणि केबिनचे मागचे खालचे कोपरे आतून बघा. तिथे बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि केबिनचा आधार एकत्र येतात, माती साठते, पाणी मुरतं. चांगलं काम असेल तर आतल्या बाजूला जोडाची सरळ रेघ दिसते, त्यावर प्रायमर आणि रंग असतो, पाणी जायची भोकं मोकळी असतात. वाईट कामात काळं अंडरकोटिंग जाड थापलेलं असतं. बोटाने दाबलं की ते दबतं आणि आतून गंजाची पापडी खाली पडते. बाहेरून तोच कोपरा आरशासारखा असतो. विकणारा खाली झोपू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

मग इंजिन. १९५३ पर्यंतच्या ३१०० मध्ये २१६ घनइंचांचं सरळ सहा सिलेंडरचं इंजिन, साधारण ९० अश्वशक्तीचं. बेअरिंग बॅबिट या मऊ मिश्रधातूच्या, आणि कनेक्टिंग रॉडला पूर्ण दाबाने तेल जात नाही, रॉडच्या टोकाची पळी फिरताना खालचं तेल उचलते. हे इंजिन फार पळवायचं नसतं. मागच्या ॲक्सलचं गिअर-गुणोत्तर ४.११ चं, त्यामुळे ताशी ४५-५० मैल ही त्याची सुखाची चाल. इंटरस्टेटवर ७० ने जायचं असेल तर मूळ अवस्थेतला ३१०० तुमच्यासाठी नाही. गावातले रस्ते, काउंटी रोड, रविवारची सकाळ यासाठी मात्र तोड नाही. वीज ६ व्होल्टची, पेट्रोलची टाकी १९४९ पासून केबिनमध्ये सीटच्या मागे, सेल्फ पायाने मारायचा. टाकीचा वास आत येतोय का हे बसल्या बसल्या कळतंच.

किमतीबद्दल पुढे लिहितो, आधी तुमचे अनुभव येऊ देत.

---

मिशिगनी

उत्तम धागा. मी डेट्रॉइटजवळ बॉडीच्याच कामात आहे, म्हणून पत्र्याबद्दल भर घालतो.

लांबी (पत्र्यावर भरायची पुट्टी) भरलेली असणं हा गुन्हा नाही. सत्तर वर्षांच्या पत्र्यावर थोडी लांबी लागतेच, नाहीतर सरळ रेषा येत नाही. किती जाड आणि कशावर, हे बघायचं. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक मडगार्डच्या वरून खाली सरकवत न्या. जिथे ते सुटतं तिथे लांबी जाड आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता स्वस्त मिळतं. पूर्ण पॅनेलवर आकडा सारखा असेल आणि एकाच ठिकाणी एकदम कित्येक पटींनी वाढला, तर तिथे काय झालं होतं ते विचारा. विचारल्यावर फोटो दाखवणारा माणूस आणि आवाज चढवणारा माणूस, दोघांकडूनही उत्तर मिळतं.

सी-१० घेणाऱ्यांनी रॉकर पॅनेल जरूर बघावं. दरवाजाखालची ती लांब पट्टी सडली की नीट कापून नवी जोडण्याऐवजी जुन्यावरच नवी टोपी चढवून वेल्ड करतात. बाहेरून अगदी नवं दिसतं, आत गंज चालूच असतो आणि दोन-तीन हिवाळ्यांत रंगाला फुगे येतात. दरवाजा उघडून खालच्या कडेला पत्र्याचे थर मोजा. शिवाय पुढच्या काचेच्या रबराखालचे कोपरे, आणि केबिनच्या तळाचे आडवे आधार.

आमच्याकडे रस्त्यावर मीठ पडतं, त्यामुळे मिशिगन-ओहायोतल्या ट्रकचं नावच खराब. ॲरिझोना, न्यू मेक्सिकोचा ट्रक म्हटला की लोक डोळे झाकून घेतात. तेही बरोबर नाही. उन्हाने रबर, वायरिंग, डॅशबोर्ड, सीट सगळं कडक होऊन फुटलेलं असतं. पत्रा मात्र खरंच चांगला मिळतो, हे कबूल.

---

ढोलकी

वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मी न्यू जर्सीत, एच-१बी वर. दोन प्रश्न. सी-१० मध्ये जाहिरातीत "ओरिजिनल व्ही-८ शॉर्ट बेड" लिहिलेलं खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि असे ट्रक घेऊन, थोडं काम करून विकले तर व्हिसाला अडचण येते का?

---

इंडियानाकर

@ढोलकी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ट्रकवरच लिहिलेलं असतं. १९६७-७१ च्या शेवरोलेच्या व्हिनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) पहिलं अक्षर सी म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह, के म्हणजे फोर-व्हील. दुसरं अक्षर ई असेल तर कारखान्यातून व्ही-८, एस असेल तर सहा सिलेंडर. जाहिरातीत ओरिजिनल व्ही-८ आणि व्हिनमध्ये एस, असे ट्रक सर्रास दिसतात. नंतर बसवलेलं इंजिन वाईट असतं असं नाही, पण भाव त्याप्रमाणे हवा.

ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आत कारखान्याने चिकटवलेला कागद शिल्लक असेल तर सोन्याहून पिवळं. त्यावर त्या ट्रकला दिलेले सगळे पर्याय असतात, आणि व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर). १२७ इंच म्हणजे आठ फुटी हौद्याचा लांब, ११५ इंच म्हणजे साडेसहा फुटी छोटा. छोट्याला भाव जास्त, म्हणून लांब ट्रकची चासी मधून कापून, बारा इंच काढून पुन्हा जोडतात. चांगल्या वेल्डरने नीट केलं तर मजबूत होतं. पण कागदावर १२७ आणि समोर छोटा हौदा असेल तर चासीचे दोन्ही पट्टे हात फिरवून बघा, जोड कुठे आणि कसा आहे ते सापडेल. विकणाऱ्याने हे आधीच सांगितलं असेल तर माझा त्याच्यावर विश्वास वाढतो.

व्हिसाचं जाणकारांनी सांगावं.

---

टेक्सासचा_वारा

@ढोलकी, स्वतःचा, स्वतः वापरलेला ट्रक विकणं वेगळं आणि नफ्यासाठी घ्यायचे-विकायचे हा धंदा वेगळा. एच-१बी वर दुसरा धंदा करता येत नाही. शिवाय वर्षाला ठरावीक संख्येपेक्षा जास्त गाड्या विकल्या तर बहुतेक राज्यांत डीलरचं लायसन्स लागतं, ती संख्या राज्यागणिक वेगळी. एक ट्रक हौसेने घ्या, मनसोक्त चालवा. धंद्याचा विचार ग्रीन कार्डनंतर, आणि तेव्हाही वकिलाला विचारून.

आता माझं वेगळं मत. इंडियानाकर मूळ इंजिनचे भक्त दिसतात, मी नाही. माझ्याकडे १९५६ चा एफ-१०० आहे. १९५३-५६ च्या साच्यात वळणाची पुढची काच असलेलं ते एकच वर्ष, त्यासाठीच घेतला. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, एसी, ऑटोमॅटिक गिअर. मूळचा घन ॲक्सल आणि चारही ड्रम ब्रेक ठेवून मी ह्यूस्टनच्या रस्त्यावर मुलांना घेऊन बाहेर पडणार नाही. एकाच सर्किटचा मास्टर सिलेंडर असतो, एक नळी फुटली की पेडल सरळ तळाला. १९६७ पासून दुहेरी सर्किट आलं, त्याला कारण आहे. आणि बाजारही माझ्याच बाजूने आहे. स्कॉट्सडेलला जानेवारीत बॅरेट-जॅक्सनचा लिलाव होतो तो बघा, नव्या एलएस इंजिनचे (जनरल मोटर्सचं आधुनिक व्ही-८) सी-१० लाख डॉलरच्या पुढे गेलेत. मूळ सहा सिलेंडरचे तिथे फार मागे राहतात.

---

अनवट

सुरक्षेबद्दल पूर्ण सहमत, बाकीच्याबद्दल नाही. दुहेरी मास्टर सिलेंडर, पुढे डिस्क, सीटबेल्ट एवढं करायला चासी कापावी लागत नाही. बोल्टने बसतं, बोल्टने निघतं. काढलेले मूळ भाग खोक्यात घालून चिठ्ठी लावून ठेवले की पुढचा मालक दुवा देतो. पण ३१०० ची पूर्ण चासी फेकून केबिन शेवरोले एस-१० वर चढवायची, याचं मला मनापासून दुःख होतं. चालवायला सोपं होतं हे खरं. पण खालून बघितलं की तो १९८०-९० च्या दशकातला छोटा ट्रक असतो, आणि तरी विकताना किंमत १९५० ची मागतात.

यात कागदाचीही अडचण आहे. खूप जुन्या गाड्यांची टायटल (मालकीचे कागद) काही राज्यांत इंजिन नंबरवर दिलेली असायची. इंजिन बदललं की टायटलवरचा नंबर ट्रकवर कुठेच उरत नाही. दाराच्या खांबावरची पाटी रंगकामासाठी काढून पुन्हा रिव्हेटने लावली असेल तरी प्रश्न येऊ शकतो. कॅन्ससच्या एका माणसाने घेतलेली १९५९ ची कॉर्व्हेट २०१७ मध्ये एवढ्याच कारणावरून पोलिसांनी ताब्यात घेतली. कुणीतरी रिस्टोरेशनच्या वेळी पाटी काढून परत लावली होती, त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. त्यापायी वर्षानुवर्षं कोर्ट, आणि शेवटी २०२२ मध्ये राज्याला कायदाच बदलावा लागला. म्हणून पैसे देण्याआधी टायटलवरचा नंबर आणि ट्रकवरचा नंबर अक्षर अन् अक्षर जुळवा. रिव्हेट नवे दिसले तर विचारा.

लाखाचे आकडे टीव्हीवर चांगले दिसतात. त्यांतल्या बऱ्याच ट्रकवर लाखापेक्षा जास्त खर्च झालेला असतो, हेही तिथे सांगत नाहीत.

---

इंडियानाकर

दोघांचंही बरोबर आहे, पण एक भर. रेस्टोमॉडची (रूप जुनं, आतले भाग नवे अशा ट्रकची) किंमत तो कुणी बांधला यावर ठरते. वायरिंग कुणी केलं, पुढचं सस्पेन्शन कोणत्या कंपनीचं, वेल्डिंग कुणाचं, इंजिन कुठल्या गाडीतून आलं याची बिलं नसतील तर तो फक्त एक महागडा अंदाज असतो. मूळ ट्रक बिघडला तर कारखान्याची दुरुस्ती-पुस्तिका मिळते. कुणीतरी स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या ट्रकची पुस्तिका फक्त त्याच्या डोक्यात असते.

---

कुर्ला_पश्चिम

धाग्याच्या विषयाला थोडा फाटा फुटतोय, पण राहवत नाही. हे ट्रक आपल्याला तितके परके नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती, शेवरोले तिथून बाहेर पडायच्या. वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक काढले. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली तेव्हा बेडफर्डबरोबर ताफ्यात शेवरोले, फार्गो, स्टुडबेकर अशी नावं होती. माझे वडील कुर्ल्याच्या कारखान्यात होते. फार्गोचं बोनेट उघडलं की हात कोपरापर्यंत आत जायचा, असं ते कौतुकाने सांगत. सगळं हाताला लागतं, म्हणून दुरुस्त होतं.

कुणाला भारतात जुना ट्रक ठेवायचा असेल तर २०२१ पासून पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या, स्वतःच्या वापरातल्या चारचाकी-दुचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेसाठीच. आणि मोठे फेरफार केलेला ट्रक त्यात बसत नाही, म्हणजे टेक्सासवाल्यांचा एफ-१०० नाही.

---

अनवट

@कुर्ला_पश्चिम काका, हा फाटा अजिबात नाही. त्या काळच्या कारखान्यावर वेगळा धागा काढा, आग्रहाची विनंती.

---

सोनचाफा

नमस्कार. मी आयोवात राहते, गाड्यांतलं मला काही कळत नाही, पण मदत हवी आहे. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. आम्ही इथे नवीन आलो तेव्हापासून त्यांनी आमची मुलं स्वतःच्या नातवंडांसारखी सांभाळली. त्यांचे यजमान गेल्या वर्षी गेले. त्यांनी निवृत्तीनंतर १९५३ चा शेवरोले ३१०० स्वतः पूर्ण खोलून बांधला होता. गडद हिरवा आहे. आजींना आता तो विकायचाय, कारण कोठार असलेली जागाच विकायची आहे. परवा एक जण आला, दहा मिनिटं बघितला आणि म्हणाला, नऊ हजार रोख देतो, आज संध्याकाळी घेऊन जातो, असल्या ट्रकला आता कुणी विचारत नाही. आजी हो म्हणायच्या बेतात होत्या, मी दोन दिवस थांबा म्हटलं. एवढीच किंमत असते का?

कोठारात एक जाडजूड फाइल सापडली आहे. आजोबांनी प्रत्येक कामाचे फोटो ठेवलेत. उदाहरणार्थ, केबिनच्या कोपऱ्याचा फोटो: सडलेल्या पत्र्यावर मोजपट्टी लावलेली आणि खडूने कापायची रेघ. त्याच्या खालीच कापल्यानंतरचा, मग नवा पत्रा जोडलेला, मग प्रायमर. प्रत्येकाच्या मागे तारीख. नटबोल्टांची बिलंसुद्धा आहेत.

---

इंडियानाकर

ताई, आजींना सांगा, कुणाकडूनही इसार घेऊ नका आणि कुठेही सही करू नका. ती फाइल जपून घरात आणा. या धाग्यावर मी पहिल्या दिवसापासून जे मागतोय ते त्या आजोबांनी करून ठेवलंय.

१९५३ हे चांगलं वर्ष. दोन भागांची पुढची काच आणि पाच पट्ट्यांची जाळी यांचं ते शेवटचं वर्ष, १९५४ ला दोन्ही बदललं. किंमत ठरवताना लोक किती मागतात ते बघू नका, कितीला विकले गेले ते बघा. ऑनलाइन लिलावांच्या जुन्या नोंदी उघड्या असतात. हॅगर्टी या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीची किंमतपट्टी आहे, त्यात गाडीची अवस्था एक ते चार आकड्यांत धरतात. एक म्हणजे प्रदर्शनात बक्षीस मिळवणारी, तीन म्हणजे नीट चालणारी, जवळून बघितलं तर वापर दिसणारी. विकणाऱ्याला आपला ट्रक नेहमी दोन वाटतो, म्हणून तीन धरून सुरुवात करा. नीट बांधलेला, चालता, कागद असलेला ३१०० आजच्या बाजारात नऊ हजारांच्या दुपटीहून चांगलाच वर जातो.

सगळ्यात आधी टायटल. नाव कुणाचं? दोघांची नावं असतील तर मध्ये 'ऑर' आहे की 'अँड' हे बघा. फक्त आजोबांचं असेल तर विक्रीच्या आधी ते आजींच्या नावावर करून घ्या. आयोवात हे काम काउंटी ट्रेझररच्या ऑफिसात होतं, मृत्यूचा दाखला घेऊन जा. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे सुरू केलं तर चांगलं गिऱ्हाईक जातं.

---

मिशिगनी

ताई, विकण्याआधी त्याच्यावर काहीही "काम" करून घेऊ नका. नवा रंग नको, नवी चाकं नकोत. धुवा, टायरमध्ये हवा भरा, बॅटरी चार्ज करा. बरेच महिने उभा असेल तर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका आणि जाणत्या माणसाकडून ब्रेक बघून घ्या. मगच सुरू करा.

फोटो उजेडात, चारही बाजूंनी, आणि खालूनही. रंगावरचे ओरखडे, सीटची उसवलेली शिवण, जे असेल ते दाखवा. थंड इंजिन सुरू होतानाचा व्हिडिओ काढा: आधी तेलाच्या दाबाचा काटा, मग सायलेन्सर. हौद्याच्या फळ्यांचाही जवळून फोटो द्या. कारखान्यातून पाईनच्या यायच्या, हौशी लोक ओकच्या घालून पॉलिश करतात, जे असेल ते लिहा. उणिवा आधीच दाखवल्या की बघायला आलेला माणूस त्यांच्यावरून भाव पाडू शकत नाही.

---

टेक्सासचा_वारा

आणि डीलरकडे कन्साइनमेंटला (कमिशनवर विकून द्यायला) ठेवणार असाल तर जपून. आमच्या ओळखीच्यांचा ट्रक एका दुकानात महिनोन् महिने पडून होता. बाहेर उन्हात, बॅटरी मेलेली, आणि शेवटी ठरल्यापेक्षा जास्त कमिशन मागितलं. ठेवायचाच असेल तर मुदत, कमिशन, विमा कुणाचा, पैसे किती दिवसांत, हे सगळं लेखी घ्या. टायटल स्वतःजवळ ठेवा.

पैसे घेताना कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला) हातात पडला म्हणून समाधान मानू नका, हुबेहूब खोटे निघतात. गिऱ्हाइकाच्या बँकेत सोबत जा, काउंटरवर समोर बनवून घ्या. किंवा पैसे वायरने (बँकेतून बँकेत) घ्या, आणि जमा झाल्याचं स्वतःच्या बँकेला स्वतः फोन करून विचारा. मगच किल्ली. आणि "माझा माणूस ट्रक न्यायला येईल, चेक जास्त रकमेचा पाठवतो, उरलेले त्याला द्या" असं म्हणणाऱ्याशी पुढे बोलूसुद्धा नका.

---

सोनचाफा

सगळ्यांची आभारी आहे. टायटलवर दोघांची नावं होती, काउंटी ऑफिसातल्या बाईंनी फार आपुलकीने काम करून दिलं. ट्रकची जाहिरात टाकली आहे, फाइलमधले वीसेक फोटोही लावले. तो नऊ हजारवाला परत आला होता, आता पंधरा म्हणतोय. आजींनी त्याला चहा दिला आणि नाही म्हणाल्या.

एक प्रश्न. एक जण म्हणतोय की मी पूर्ण किंमत देतो, पण टायटलवर माझं नाव घालू नका, गिऱ्हाइकाची जागा कोरी ठेवून फक्त सही करा. याने काय होतं?

---

इंडियानाकर

अजिबात करू नका. तो स्वतःच्या नावावर न करता पुढे विकणार, टॅक्स आणि नोंदणी दोन्ही चुकवणार. हे बेकायदा आहे. मधल्या काळात ट्रकचा अपघात झाला किंवा दंड आले तर कागदोपत्री मालक आजीच असतील. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, तारीख, किंमत तुमच्यासमोर लिहा, बिल ऑफ सेलच्या (विक्रीच्या पावतीच्या) दोन प्रती करा. नंबर प्लेट काढून ठेवा, आयोवात ती मालकाकडेच राहते. आणि विक्री झाल्याची खबर त्याच ऑफिसात द्या.

---

ढोलकी

आजींच्या ट्रकची जाहिरात वाचली. तो आवाक्याबाहेर आहे, पण जाहिरात कशी असावी ते कळलं. अशा ट्रकचा विमा नेहमीच्या कंपनीकडून घेतला तर चालतो का?

---

अनवट

@ढोलकी, नेहमीच्या पॉलिसीत नुकसान झालं की कंपनी घसारा धरून किंमत काढते. १९५३ च्या ट्रकला घसारा लावला तर काय उरणार? जुन्या गाड्यांच्या पॉलिसीत किंमत आधीच दोघांच्या संमतीने ठरवतात, 'ॲग्रीड व्हॅल्यू' म्हणतात ती. ट्रक पूर्ण गेला तर तेवढी रक्कम मिळते. हप्ताही बराचसा कमी असतो, पण अटी असतात: बंद गॅरेज हवं, घरात रोजच्या वापराला दुसरी गाडी हवी, ट्रक कामाला जायला-यायला वापरायचा नाही. किंमत ठरवताना कंपनी फोटो आणि बिलं मागू शकते. विकणाऱ्याकडून फाइल मागायचं हे आणखी एक कारण.

---

सोनचाफा

विकला गेला! नेब्रास्काचं एक नवरा-बायको जोडपं येऊन घेऊन गेलं. त्या बाईंचे वडील शेतकरी, त्यांच्याकडे असाच ट्रक होता. नवऱ्याने पुठ्ठा स्वतःच आणला होता. तो खाली झोपला, बराच वेळ टॉर्च मारत बघत राहिला, आणि बाहेर येऊन त्याने आधी विचारलं की हे वेल्डिंग कुणी केलं. मागितलेल्या किमतीत पाचशे कमी केले, २७,५०० ला ठरलं. बँकेत आम्ही सगळे गेलो. बिल ऑफ सेल, टायटल सगळं तुम्ही सांगितलं तसंच. मूळ फाइल त्यांना दिली, आजींसाठी मी पूर्ण स्कॅन करून ठेवली आहे.

त्यांनी ट्रेलर आणला होता. ट्रक चढवताना पुढचे पट्टे कुठे बांधायचे यावर दोघांची चर्चा झाली. ॲक्सलला बांधले, बंपरला नाही. ते बरोबर ना?

---

मिशिगनी

अगदी बरोबर. या ट्रकचा बंपर दिसतो दणकट, पण त्याच्या ब्रॅकेटवर ओढ घ्यायची नसते. ॲक्सल किंवा चासी. आणि पहिल्या पंचवीस-तीस मैलांनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, पाटे बसतात तसे ते सैल होतात. त्यांचा नंबर असेल तर एक मेसेज करून टाका.